एम.ए.च्या संशोधन प्रकल्पात एक तरी खरा प्रयोग होऊ द्या

प्रति,
नाशिकमधील महाविद्यालयांचे प्राचार्य आणि मानसशास्त्र विभागप्रमुख

विषय : प्रायोगिक मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञानात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या विभागांतून एम.ए. होणारे बहुतेक विद्यार्थी समुपदेशनाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्राकडे वळतात. त्यात वावगं काही नाही, नाशिकला समुपदेशक हवेच आहेत. हे पत्र त्यांच्याबद्दल नाही. प्रत्येक तुकडीत दोन-चार जण असे असतात की ज्यांना अवधान, स्मृती, वाचन, निर्णय या गोष्टी मेंदूत घडतात कशा हे शोधायचं असतं. हुशारीत ही मुलं कुठेच कमी नसतात, पण पीएच.डी.च्या मुलाखतीत अडखळतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं : त्यांनी स्वतः एकही प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेला नसतो.

निवड समिती फ्रॉइड विचारत नाही. ती विचारते, तुमच्या प्रकल्पात प्रत्येक सहभागीला किती ट्रायल (प्रयोगातल्या एकेक फेऱ्या) दिल्या? तितक्याच का? कोणता डेटा वगळला आणि वगळण्याचा नियम आधी ठरवला होता की नंतर? आता आपल्याकडचा नेहमीचा प्रकल्प डोळ्यांसमोर आणा. तीस मुलगे, तीस मुली, बाजारात मिळणारी तयार प्रश्नावली, 'भावनिक बुद्धिमत्तेचा तुलनात्मक अभ्यास' आणि शेवटी दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी एक टी-चाचणी. यात संशोधकाने काहीच बदललेलं नाही, म्हणून हा प्रयोग नव्हे. शिवाय दोन गटांत खरोखरच मध्यम आकाराचा फरक (कोहेनच्या मापात ०.५) असला, तरी तीस-तीस जणांत तो सापडण्याची शक्यता ४८ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही कमी. हाच फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. एकाच व्यक्तीला दोन्ही परिस्थितींतून नेलं, तर तेवढ्याच आकाराच्या परिणामासाठी ३४ जण पुरतात. 'तीस म्हणजे मोठा नमुना' हा आपल्याकडचा जुना समज आता मोडीत काढायला हवा. जी-पॉवर नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे गणित मिनिटभरात करून देतं.

जागा अभ्यासक्रमातच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ मध्ये आलेल्या आराखड्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४ क्रेडिट, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंगला ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्यात ६ क्रेडिट आहेत. प्रकल्पाचे हे दहा क्रेडिट एका प्रयोगावर खर्च करा, एवढंच आमचं म्हणणं. बाकी सगळं त्याच्या तपशिलात आहे.

आधी प्रयोगशाळा. कपाटातला मिरर ड्रॉइंगचा (आरशात पाहून आकृती गिरवण्याचा) संच आणि म्युलर-लायरची पट्टी (टोकांच्या बाणांमुळे समान रेषा लहान-मोठ्या वाटतात तो भ्रम) भंगारात देऊ नका. पट्टी सरकवत रेषा समान करायची पद्धत शिकवायला आजही उत्तम आहे, फक्त जर्नलमध्ये सरासरी लिहून थांबू नका. तोच भ्रम संगणकावर सात वेगवेगळ्या लांबींनी, प्रत्येकी २० वेळा दाखवला की १४० उत्तरं मिळतात आणि त्यातून माणसाचा निवाडा कुठल्या लांबीला पलटतो त्याची वक्ररेषा काढता येते. सायकोफिजिक्सचा, म्हणजे उद्दीपक आणि संवेदना यांचं नातं मोजण्याच्या शास्त्राचा, गाभा दोन तासिकांत हाती लागतो. स्टॉपवॉच मात्र निवृत्त करा. बटण दाबणाऱ्याचाच प्रतिक्रियाकाल दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असतो आणि आपल्याला मोजायचा असतो पन्नास-शंभर मिलिसेकंदांचा फरक.

लागतं काय? एक शांत खोली, तीन-चार साधे डेस्कटॉप, तारेचे कीबोर्ड. प्रयोग चालवणारी सायकोपाय आणि ओपनसेसमी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. विश्लेषणाला जास्प, जामोवी किंवा आर घ्या, म्हणजे चोरीच्या एसपीएसएसची गरज उरत नाही. ब्लूटूथ कीबोर्ड नको, त्याचा उशीर दर वेळी वेगळा असतो. तारेचा साधा कीबोर्डही काही मिलिसेकंद खातो, पण सगळ्या परिस्थितींत सरासरी सारखेच, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन स्थितींमधला फरक फारसा बिघडत नाही. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे चित्र ५० मिलिसेकंद दाखवता येईल, कारण त्या तीन फ्रेम झाल्या, पण ४० मिलिसेकंद दाखवता येणार नाही. प्रबंधात '४० मिलिसेकंद' लिहिलेलं दिसलं की परीक्षकाला तिथेच कळतं की पडदा कुणी तपासलेला नाही. प्रयोग चालू असताना प्रोजेक्टर जोडलेला नसावा, वीजबचत आणि सूचना बंद असाव्यात. डोळ्यापासून पडदा ५७ सेंटिमीटरवर ठेवला की पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे दृश्यकोनाचा (डोळ्याशी होणाऱ्या कोनाचा) जवळपास एक अंश, हिशेब सोपा होतो. आणि गॅदरिंगच्या सरावाचे ढोल सुरू झाले की डेटा घेणं थांबवा. तेवढ्यापुरते कानाला हेडफोन लावून भागत नाही.

आता एक प्रयोग जरा जवळून पाहू, कारण चुका कुठे होतात ते तिथेच दिसतं. स्ट्रूपची चाचणी सर्वांना माहीत आहे : 'लाल' हा शब्द निळ्या रंगात लिहिलेला, रंग सांगायचा, शब्द वाचायचा नाही. चार शब्द, चार रंग, एकूण सोळा जोड्या. त्यांतल्या चार जुळणाऱ्या, बारा न जुळणाऱ्या. बहुतेक विद्यार्थी दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे करतात : जुळणारी प्रत्येक जोडी १२ वेळा, न जुळणारी प्रत्येक ४ वेळा, दोन्हीकडे ४८, एकूण ९६ ट्रायल. दिसायला नीटस, पण त्यात खोट आहे. 'लाल' हा शब्द २४ वेळा येतो आणि त्यांतल्या १२ वेळा तो लाल रंगातच असतो. म्हणजे शब्द पाहून रंगाचा अंदाज बांधणं फायद्याचं ठरतं आणि मोजला जाणारा परिणाम वाचनाच्या सवयीचा किती नि या अंदाजाचा किती, हे वेगळं करता येत नाही. त्याऐवजी सोळाही जोड्या सहा-सहा वेळा दाखवा. जुळणाऱ्या २४ आणि न जुळणाऱ्या ७२ होतील, पण शब्दातून रंगाचा सुगावा लागणार नाही. यातलं काय निवडलं आणि का, हे दोन ओळींत सांगू शकणारा विद्यार्थी मुलाखतीत वेगळा उठून दिसतो.

मराठीत ही चाचणी करताना आणखी अडचणी येतात. सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांत देवनागरी नीट उमटत नाही. 'हिरवा'मधली पहिली वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. शब्द आधीच चित्र म्हणून तयार करून ठेवा, सगळ्यांची उंची सारखी, पार्श्वभूमी एकच. 'लाल' आणि 'निळा' दोन अक्षरी, 'हिरवा' आणि 'पिवळा' तीन अक्षरी, त्यामुळे प्रत्येक शब्दाचे आकडे वेगळे पाहायलाच हवेत. रंगांध सहभागी आधीच वगळण्यासाठी इशिहाराचे तक्ते दाखवा, मोबाइलवरचे नव्हे, छापील. चार कळांवर चार बोटं रुळायला २४ तरी सरावाच्या ट्रायल द्या, नाहीतर पहिल्या भागात तुम्ही रंग मोजत नसता, कळ शोधण्याचा वेळ मोजत असता. चुकलेली उत्तरं आणि २०० मिलिसेकंदांच्या आतली उत्तरं वगळायची, हे पहिला सहभागी खोलीत येण्याआधी कागदावर असायला हवं. प्रतिक्रियाकालाचा आलेख उजवीकडे लांब शेपूट काढतो, म्हणून सरासरीच्या जोडीला मध्यकही पाहा.

स्ट्रूपचा मूळ परिणाम इतका दणकट आहे की वीस जणांतही दिसतो. तो दिसला म्हणजे यंत्रणा ठीक चालते, एवढाच अर्थ. त्यावर नुसता प्रबंध उभा राहत नाही. प्रश्न त्यापुढे सुरू होतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांना कोणत्या लिपीतला शब्द जास्त आडवा येतो? हा प्रश्न नाशिकमध्ये बसून सोडवण्यासारखा आहे, कारण दोन्ही प्रकारचे विद्यार्थी एकाच वर्गात बसलेले असतात. पण इथे दोन स्वतंत्र गट आले, म्हणजे प्रत्येकी किमान ६४ जणांची बात आली, आणि परिणाम बारीक असेल तर त्याहूनही कितीतरी जास्त. एका विद्यार्थ्याला ते झेपणार नाही.

म्हणूनच आमची मुख्य सूचना अशी की शहरातल्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एकच प्रयोग चालवावा. एकच फाइल, एकच सूचनापत्रक, एकाच आकाराचे पडदे. डेटा सगळ्यांचा, पण प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रश्न स्वतःचा आणि तो आधीच ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधन-नोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदवलेला. २०१५ साली मानसशास्त्रातल्या शंभर प्रकाशित अभ्यासांची फेरतपासणी झाली, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा सांख्यिकीय सार्थ निष्कर्ष मिळाला. लहान नमुने आणि डेटा पाहून नंतर रचलेली गृहीतकं, ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात. संयुक्त प्रकल्प आणि आधी नोंदणी हा त्यावरचा उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. लागतो तो विभागप्रमुखांमधला समजूतदारपणा. कोणाचं नाव आधी, हा वाद पहिल्याच बैठकीत मिटवून लेखी ठेवा.

नैतिक मान्यतेकडे बहुतेक ठिकाणी काणाडोळा होतो. कनिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असल्याने अकरावी-बारावीची मुलं सहज 'सहभागी' म्हणून बोलावली जातात. ती अठराच्या आतली असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. आपल्याच वर्गातल्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुणांचं आमिष किंवा धाक दाखवून बसवणं तर अजिबात नको. सहभागीला मध्येच उठून जाता आलं पाहिजे आणि त्याचं नाव डेटाच्या फाइलमध्ये नसलं पाहिजे. तुमच्याकडे नैतिकता समिती नसेल तर ती असलेल्या संस्थेशी लेखी करार करून तिच्यामार्फत मान्यता घेता येते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच ज्या शहरात आहे, तिथे अशी संस्था शोधायला लांब जावं लागू नये. फक्त अर्ज सत्र सुरू होण्याआधी द्या. डेटा गोळा केल्यानंतर मागितलेली मान्यता मिळत नाही आणि मिळू नये.

जाता जाता : २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय आणि गर्दीच्या मानसशास्त्रावर प्रकल्प करायची हौस प्रत्येकालाच असेल. विषय फार चांगला आहे. अलाहाबादच्या माघ मेळ्यात लोकांना गोंगाट कसा जाणवतो यावर गंभीर संशोधन झालेलं आहे. पण पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर प्रश्नावली घेऊन उभं राहणं म्हणजे संशोधन नव्हे. पोलीस आणि प्रशासनाची परवानगी, नैतिक मान्यता, आधीचं मोजमाप आणि नंतरचं मोजमाप, हे सगळं मेळ्याच्या वर्षभर आधी ठरलं तरच त्याला हात घाला.

ईईजीबद्दल (टाळूवरून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवण्याबद्दल) थोडं सविस्तर लिहितो, कारण 'न्यूरो' म्हटलं की आधी यंत्राची खरेदी सुचते. यंत्र सर्वांत शेवटी घ्या. वर सांगितलेला वर्तनाचा प्रयोग नीट चालत नसेल तर ईईजी त्याला वाचवत नाही. रुग्णालयातलं यंत्र वापरू, असंही बऱ्याचदा सुचवलं जातं. ते अपस्मारासारख्या निदानासाठी असतं, आणि पडद्यावर चित्र नेमकं कोणत्या क्षणी आलं याची खूण नोंदवायची सोय त्यात बहुधा नसते. ती खूण नसेल तर अनेक ट्रायलची सरासरी काढून पी-३०० किंवा एन-४०० सारख्या, चित्र किंवा शब्द दिसल्यावर मेंदूत उमटणाऱ्या लहरी शोधताच येत नाहीत. म्हणून रुग्णालयाशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा : ट्रिगर (हीच खूण) घेण्याची सोय आहे का आणि डेटा ईडीएफ या सर्वत्र चालणाऱ्या फाइल-प्रकारात बाहेर काढता येतो का?

यंत्र मिळालंच, तर त्रास साध्या गोष्टींचा होतो. डोक्याला तेल लावून आलेला सहभागी हा आपल्याकडचा हमखास प्रसंग. आदल्या रात्री तेल नको, सकाळी नुसत्या शाम्पूने धुवून, केस पूर्ण कोरडे करून या, असं निमंत्रणातच लिहा. साध्या इलेक्ट्रोडचा अवरोध ५ किलोओहमच्या आत आणायचा असतो. तेलकट टाळूवर तो उतरत नाही आणि जेल ओतत बसण्यात तास जातो. विजेची ५० हर्ट्झची लहर सगळीकडून घुसते, म्हणून ट्यूबलाइट, चार्जर, यूपीएस दूर ठेवा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. डोळ्याची उघडझाप मेंदूच्या लहरीच्या कितीतरी पट मोठी दिसते. ती काढण्याची तंत्रं आहेत, पण 'उत्तर दिल्यावर पापणी मिटा' ही एक सूचना त्यातलं निम्मं काम करते.

तोवर विद्यार्थ्याने करायचं काय? उघड उपलब्ध डेटावर शिकायचं. ईआरपी कोअर या संचात ४० तरुणांचे सहा प्रयोगांतले ईईजी आहेत आणि एन-१७० पासून एन-४०० पर्यंत अशा लहरींचे सात घटक त्यात मिळतात. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर एफएमआरआयचा (काम करणाऱ्या मेंदूच्या स्कॅनचा) डेटा आहे. ईईजीच्या विश्लेषणाचं एमएनई-पायथन हे सॉफ्टवेअर मोफत आहे. १६ जीबी रॅमचा संगणक आणि बरं इंटरनेट असेल तर कॉलेज रोडवर बसूनही हे विश्लेषण होतं. पायथन शिकवायला बाहेरून कोणी आणायची गरज नाही. तुमच्याच इमारतीत कॉम्प्युटर सायन्सचा विभाग आहे, शनिवारच्या दोन तासिका मागून घ्या.

पीएच.डी.च्या प्रवेशाबद्दल विद्यार्थ्यांना अर्धवट माहिती असते, ती विभागाने फलकावर लावावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार कालावधी किमान तीन, कमाल सहा वर्षं. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दोन वर्षांची सवलत. एम.ए.ला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सूट. एम.फिल. बंद झालं आहे. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे अशी अट यूजीसीच्या नियमांत आता नाही, तेव्हा पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून मुलांना दूर ठेवा. असा एक निबंध चांगल्या ठिकाणच्या निवडीत उलट अंगाशी येतो. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून फक्त पीएच.डी. प्रवेशासाठीही पात्र ठरता येतं. त्यासाठीचे गुण एक वर्ष चालतात आणि निवडीत त्यांना ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के भार असतो. नेटमधूनच मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गासाठी आहेत. त्यांच्या जाहिराती वेळापत्रकाने येत नाहीत, लक्ष ठेवावं लागतं.

गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत २०२१ पासून मानव्य व सामाजिक शास्त्रांच्या पेपरात मानसशास्त्राचा विभाग आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. आयआयटींसाठी तो कामाचा. एम.ए. मानसशास्त्र करून बोधविज्ञानाकडे जायचं तर अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन आणि बोधविज्ञान केंद्र, हैदराबाद विद्यापीठ, आयआयटी कानपूर आणि गांधीनगर या जागा आधी पाहाव्यात. बंगळूरचं निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्था, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र इथल्या पात्रतेच्या अटी दर वर्षी जाहिरातीत वाचूनच अर्ज करावा. पेशी आणि रेणूंच्या पातळीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत कलाशाखेच्या विद्यार्थ्याला प्रवेश अवघड असतो, हे त्याला दुसऱ्या वर्षात नव्हे, पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगा. घर सोडून जाणं शक्य नसलेल्यांसाठीही वाट आहे. नोंदणी इथल्या संशोधन केंद्रात आणि सहमार्गदर्शक बाहेरच्या संस्थेतला, अशी सोय नियमांत आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते, त्याला संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. तुमच्या विभागातल्या तरुण प्राध्यापकांपैकी कोणी ते मागितलं तर अडवू नका. प्रयोगशाळा चालवायला शेवटी तेच लागणार आहेत.

मार्गदर्शक शोधताना पन्नास जणांना एकच ईमेल पाठवण्याची पद्धत बंद व्हायला हवी. पाच प्रयोगशाळा निवडाव्यात, प्रत्येकीचे अलीकडचे दोन निबंध वाचावेत आणि दहा-बारा ओळींचं पत्र लिहावं. त्यात आपला प्रयोग, त्याचा डेटा आणि विश्लेषणाचा कोड कुठे ठेवला आहे तो दुवा द्यावा. हा दुवा शिफारसपत्रापेक्षा जास्त बोलतो. आणि शिफारसपत्र तुम्ही लिहाल तेव्हा 'मेहनती व आज्ञाधारक' याऐवजी त्याने प्रयोगात नेमकं काय केलं ते लिहा.

येत्या सत्रासाठी मागणं तीनच गोष्टींचं. प्रत्येक विभागाने एक खोली आणि तीन संगणक वर्षभरासाठी राखून ठेवावेत, परीक्षेच्या काळात ती खोली बैठकव्यवस्थेसाठी काढून घेऊ नये. नैतिकता समितीशी करार जूनपर्यंत व्हावा. आणि तिसऱ्या सत्राच्या पहिल्या महिन्यात सगळ्या महाविद्यालयांच्या प्रकल्प-विद्यार्थ्यांची एक एकत्र बैठक व्हावी, तिथे प्रत्येकाने एका पानावर प्रश्न, ट्रायलची संख्या, नमुन्याचा आकार आणि वगळण्याचे नियम मांडावेत. प्रयोगाच्या फाइल, मराठी संमतिपत्राचा नमुना आणि पहिल्या बैठकीसाठी लागणारी माणसं आम्ही देऊ.

आपले,
प्रायोगिक मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञानात काम करणारे काही नाशिककर